कोरड्या नदीतला आठवडा

पाटबंधारे खात्यातल्या माणसाशी लग्न केलं की सुट्टी हा शब्द विसरायचा असतो, हे मला वेळीच कुणीतरी सांगायला हवं होतं. हिवाळ्यात रब्बीचं आवर्तन, मग उन्हाळी आवर्तन आणि त्यावरून भांडणं, पावसाळ्यात दरवाजे उघडायचे रात्री-अपरात्रीचे फोन. ३६ वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच असे कुठे गेलो असू तर लग्नानंतर महाबळेश्वरला. चार दिवस. त्यातल्या तिसऱ्या दिवशी कुठल्याशा कालव्याला भगदाड पडलं, हॉटेलात ट्रंककॉल आला आणि चौथा दिवस एसटीत गेला.

नवऱ्याला निवृत्त होऊन आता सात वर्षं झाली. २०२५ च्या मार्चमध्ये आम्ही म्युनिकला लेकीकडे होतो, नातवाच्या दिमतीला. तिच्या बाल्कनीत पाडव्याची गुढी उभारली, कडुलिंबाशिवायच. दोन दिवसांनी, मंगळवारी, तिने आम्हाला विमानात बसवलं. "एक आठवडा. दोघंच. आणि बाबा, कृपा करून धरणं बघत फिरू नका." स्पेनमधलं व्हॅलेन्सियाच का, विचारलं तर म्हणाली, "तिथे भात पिकतो आणि बाजूला समुद्र आहे. आईला परकं वाटणार नाही."

विमानात आम्ही नियम ठरवला: दिवसाला एकच गोष्ट बघायची. दोन बघितल्या तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. हा नियम नवऱ्याने वहीत लिहून खाली तारीख टाकली.

पोचलो त्या संध्याकाळी पहिला वास आला तो संत्र्याच्या फुलांचा. शहरातल्या गल्ल्यांत फुटपाथवर संत्र्याची झाडं आहेत, आपल्याकडे गुलमोहर असावा तशी. एकाच झाडावर मागची फळं आणि नवी फुलं. फळं रस्त्यावर पडून फुटतात आणि कुणी वाकून उचलत नाही. मी उचललं. सोललं. तोंडात टाकलं आणि पाडव्याच्या कडुलिंबाची भरपाई झाली. ही शोभेची कडू संत्री, खायची नव्हेत. गोड संत्री शहराबाहेरच्या बागांत. स्पॅनिशमध्ये संत्र्याला म्हणतात 'नारांखा'. आपला नारिंग फारशीतून अरबीत, अरबीतून स्पेनमध्ये गेला आणि तिथे झाड होऊन फुटपाथवर उभा राहिला. फुलाला मात्र वेगळा शब्द, 'आसाआर', तोही अरबीच. फक्त फुलासाठी वेगळा शब्द ठेवणाऱ्या लोकांबद्दल माझं मत आपोआप चांगलं झालं.

ज्यांची खोली घेतली होती त्या बाईंनी किल्ली देताना हळहळून सांगितलं की आम्ही दोन आठवडे उशिरा आलो. १९ मार्चच्या रात्री इथे फायास नावाचा उत्सव संपतो. गल्लोगल्लीची मंडळं वर्षभर खपून दोन-तीन मजली पुतळे उभारतात आणि त्या एका रात्रीत सगळे जाळतात. दोनच बाहुल्या, एक मोठ्या पुतळ्यांतली आणि एक मुलांच्या, लोकांच्या मतांनी वाचतात. त्याआधीचे १९ दिवस रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात फटाके, तेही उजेडात, केवळ आवाजासाठी. आमच्या चेहऱ्यावर हळहळ काही उमटेना. लक्ष्मी रोडला सासर असलेल्या बाईला विसर्जन मिरवणुकीनंतरची शांतता काय चीज असते ते माहीत असतं. आम्हाला नेमकी ती मिळाली होती.

दुसऱ्या दिवशीची 'एकच गोष्ट' म्हणून नदीवर जायचं ठरलं. नकाशात तूरिया नावाची नदी जुन्या शहराला वळसा घालून जाताना दिसत होती. आम्ही सेर्रानोस दरवाजापाशी पोचलो. हा १४व्या शतकातला वेशीचा दरवाजा, त्याला दोन भलेमोठे बुरूज. समोर दगडी पूल. पुलाच्या कठड्यावरून वाकून बघितलं तर खाली एक मुलगा फुटबॉल खेळत होता. त्याच्या मागे पाइनची झाडं, सायकलचा रस्ता, बाकावर पेपर वाचणारे आजोबा. पाण्याचा पत्ता नाही.

"अगं, नदी कुठाय?" नवऱ्याने विचारलं. तेवढं विचारून तो थांबला नाही, पायऱ्या उतरून पात्रात गेला.

१४ ऑक्टोबर १९५७ ला तूरियाला पूर आला. एकाच दिवसात दोनदा, आणि दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी. सरकारी आकड्यानुसार ८१ माणसं गेली. त्यानंतर या लोकांनी ठरवलं की नदीच शहरातून उचलायची. दक्षिणेला नवं पात्र खणलं, शहराच्या वरच्या अंगाला नदी तिकडे वळवली, आणि १९७०च्या सुमाराला जुनं पात्र रिकामं झालं. त्या रिकाम्या पात्रात काय करायचं? तेव्हाच्या सरकारचं उत्तर तयार होतं: मोठा रस्ता. नाहीतरी आयती मोकळी जागा. लोक उठले. 'नदीचं पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवं' अशी त्यांची घोषणा होती. १९७६ मध्ये ती जमीन शहराला मिळाली, आणि १९८०च्या दशकापासून तुकड्या-तुकड्याने बाग होत गेली. आज ती जवळपास नऊ किलोमीटर लांब आहे. वर दीड डझन पूल, त्यातला एक सहाशे वर्षांचा, सगळे आता झाडांवरून जाणारे.

(पुण्यात मुठेच्या पात्रातून रस्ता जातो. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बंद होतो आणि आम्ही सगळे दरवर्षी नव्याने चकित होतो. एवढं लिहून मी कंस बंद करते.)

नवरा पात्राच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींकडे बघत राहिला. मला माहीत होतं तो काय करतोय. पानशेत फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ ला, तो एक वर्षाचा होता. नारायण पेठेतल्या वाड्यातून त्याच्या आजीने त्याला दुलईत गुंडाळून बाहेर काढलं. त्याला त्यातलं काही आठवत नाही, आणि तरी त्याचं सगळं बालपण त्या दिवसावर टांगलेलं आहे. गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत तो वाढला. घरात कुठल्याही वस्तूचा विषय निघाला की सासूबाई म्हणायच्या, "ते पुरात गेलं." पितळी डबा पुरात गेला, सोन्याची नथ पुरात गेली, सासऱ्यांची बी.ए.ची मार्कशीट पुरात गेली. पुढे माझ्या लक्षात आलं की यातल्या काही गोष्टी बहुधा मुळात नव्हत्याच.

"नदी हलवली," तो म्हणाला. "सरळ हलवलीच!" त्याच्या आवाजात कौतुक होतं की धास्ती, मला कळलं नाही. मग आम्ही एका बाकावर बसलो आणि काहीही केलं नाही. त्याला बाकावर तासभर नुसतं बसलेलं मी लग्नापासून पहिल्यांदा बघत होते. शेजारच्या बाकावर आमच्याच वयाचं एक जोडपं पिशवीतून शेंगा काढून खात होतं. बाईंनी आमच्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली. असं दिवसातून दहा वेळा होत असे. इथली म्हातारी माणसं संध्याकाळी घरात बसतच नाहीत. साडेआठपर्यंत उजेड, आणि तोवर सगळी बाहेर, नीट कपडे करून, हातात हात घालून. दोन दिवसांनी नवऱ्याने माझा हात धरला. मग 'गर्दी नाहीये' असं स्वतःच म्हणून सोडला.

शेंगांवरून आठवलं. सकाळी साडेदहाला इथे जे खातात ते न्याहारीही नव्हे आणि जेवणही नव्हे. त्याला 'आल्मुएर्सो' म्हणतात. हातभर पावात बटाट्याचं ऑम्लेट, सोबत खारे शेंगदाणे सालासकट, वाटीभर ऑलिव्ह, शेवटी कॉफी. आमच्या गल्लीतल्या हॉटेलात रंगारी, पोस्टमन, झाडूवाले सगळे तासभर बसायचे, मोठमोठ्याने बोलायचे, आणि एकजण तरी रोज टेबलावर मूठ आपटायचा. तिसऱ्या दिवसापासून मालक आम्ही आत शिरताच शेंगदाणे ठेवू लागला. दुपारी दोन ते पाच सगळं सामसूम. त्यावरचा पुणेरी विनोद मी इथे करणार नाही, तो आपला आपण करून घ्यावा.

गुरुवारी मात्र नवऱ्याने घात केला. दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराशी काहीतरी 'पारंपरिक' असतं, आपण सहज जाऊ, असं तो म्हणाला. धरणं बघायची नाहीत असं लेकीने सांगितलं होतं. पाणीवाटपाच्या कोर्टाबद्दल ती काही बोलली नव्हती.

कॅथेड्रलच्या एका दाराला प्रेषितांचे पुतळे आहेत, म्हणून तो प्रेषितांचा दरवाजा. त्याच्यासमोर गोलाकार कठडा, आत जुन्या लाकडी खुर्च्या. बाराचे टोल पडले आणि काळे डगले घातलेली आठ माणसं येऊन बसली. शहराभोवतालच्या शेतीला तूरियाचं पाणी देणारे आठ पाट, प्रत्येक पाटाचा एक निवडून आलेला पंच, आणि पंच स्वतः शेतकरी. पाण्याची चोरी, पाळी सोडून पाणी घेणं, शेजाऱ्याच्या शेतात पाणी घुसवणं, पाट साफ न करणं असे खटले इथे चालतात. वकील नाही, लेखी अर्ज नाही. दोघांनी तोंडी बोलायचं, पंचांनी तिथल्या तिथे निकाल द्यायचा, वर अपील नाही. ज्या पाटावरचं भांडण असेल त्याचा पंच निकालाच्या वेळी गप्प बसतो. मुसलमानी राजवटीत हे पाट झाले, १२३८ मध्ये ख्रिस्ती राजाने शहर जिंकलं, आणि त्याने सगळं बदललं तरी पाण्याची व्यवस्था जशी होती तशी ठेवली. पाटाला ते अजून अरबी शब्दच वापरतात.

शिपायाने एकेका पाटाचं नाव पुकारून आरोपी आहे का विचारलं. आठ नावं, आठ वेळा शांतता. पंच उठले आणि गेले. पाच मिनिटं झाली असतील. फोन वर धरून उभे असलेले पर्यटक 'एवढंच?' अशा चेहऱ्याने पांगले.

नवरा जागचा हलला नाही. "एक तक्रार नाही," तो म्हणाला. "आठ पाट, एप्रिल महिना, आणि एक तक्रार नाही!" असूया काय असते ते मी त्या दिवशी पाहिलं. साखरपुड्यात माझ्या मावसभावाची मोटरसायकल बघूनही त्याचा चेहरा असा झाला नव्हता.

मग त्याला साक्री आठवली. नोकरीची पहिली वर्षं आम्ही धुळे जिल्ह्यात काढली. पांझरेवर तिथे फड पद्धत होती. छोटे बंधारे, त्यातून निघालेले पाट, आणि गावाने चालवलेली पाण्याची वाटणी, शेकडो वर्षं जुनी. पाटकरी पाणी फिरवायचा, जागल्या राखण करायचा, वर हवालदार. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्यावरून कुरबूर नको. "मी पदवी घेऊन गेलो होतो," नवरा म्हणाला, "आणि पाटकऱ्याने मला विचारलं होतं, साहेब, पाणी तुम्ही मोजणार कशात? आम्ही तर झोपेत कानाने मोजतो." हा किस्सा मी चाळीस वेळा ऐकलाय. पण कॅथेड्रलच्या सावलीत, रिकाम्या खुर्च्यांसमोर, एकेचाळिसाव्यांदा ऐकताना मी मध्ये बोलले नाही. व्हॅलेन्सियाचे पंच २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. आमचा पाटकरी कुठल्या यादीत गेला?

शुक्रवारी सुट्टी, कारण गुरुवारी कोर्टानंतर आम्ही रेशीमबाजाराची इमारतही बघितली होती. (धुणं पिळावं तसे पिळलेले दगडी खांब. सुंदर. पुढे.) सुट्टीच्या दिवशी आम्ही फक्त ओर्चाता प्यायलो. दुधासारखं पांढरं, थंडगार, गोड पेय, त्यात बुडवून खायला बोटासारखा लांब गोड पाव. दूध नाही, बदाम नाही, मग कशाचं? दुकानदारणीने काउंटरवरच्या बरणीतून वाळक्या, सुरकुतलेल्या गाठी काढून हातावर ठेवल्या. वाटाण्याएवढ्या. नवऱ्याने एक चावली, नाकाशी नेली, आणि त्याचा चेहरा खुलला. "लव्हाळा! अगं, लव्हाळ्याच्या गाठी आहेत या!" अगदी तोच नव्हे, पण कुळ तेच. आपल्या नागरमोथ्याचा सख्खा चुलतभाऊ. आपण त्याला दिवाळीच्या उटण्यात घालतो आणि बाकी वर्षभर शेतातून उपटून फेकतो. हे लोक तो वाफ्यात लावतात, भिजवतात, वाटतात, गाळतात आणि गल्लोगल्ली विकतात. "मी आयुष्यभर कालव्यातून हे उपटायला माणसं लावली," नवरा म्हणाला आणि दुसरा ग्लास मागवला.

रविवारी आम्ही दक्षिणेला आल्बुफेराला गेलो. समुद्रालगतचं हे उथळ, गोड्या पाण्याचं सरोवर, भोवती भातखाचरं. एप्रिलमध्ये ती कोरडी, नांगरलेली, ढेकळांची. मे महिन्यात पाणी सोडतील, मग पेरणी. मातीची कळा ओळखीची होती, आणि लेक म्हणाली ते खरं निघालं. पाएया, म्हणजे पसरट तव्यातला भात, खाल्ला तोही तिथेच. पाएया दुपारीच खायचा, रात्री मागणारा परदेशी समजावा. मूळच्या पाएयात ससा, कोंबडी, कधी गोगलगाई. मला भाज्यांचा मिळाला, आर्टिचोक घातलेला. त्यातला मोठा पांढरा दाणा बघून मी ओळखला: आपली डबल बी. तव्याच्या बुडाला लागलेली भाताची खरवड हा त्यातला मानाचा भाग, आणि त्यासाठी टेबलावर भांडणं होतात. आमच्याकडे झालं नाही. नवऱ्याने चमच्याने खरवडून सगळी माझ्या बाजूला सारली.

परतताना बस नव्या पात्रावरून गेली. नवरा खिडकीला नाक लावून बसला होता. "उद्या इथे येऊ," तो म्हणाला. मला कळलं की आता सुट्टी संपली. पण नाही म्हणवेना.

तर सोमवारी आम्ही त्या पात्रावरच्या पादचारी पुलावर उभे होतो. खाली काँक्रीटच्या तटांमध्ये दीड-दोनशे मीटर रुंद पट्टा, बहुतेक कोरडा, झुडपं उगवलेला. सेकंदाला ५,००० घनमीटर पाणी जाईल असा बांधलेला. नवऱ्याने मनात गुणाकार केला. "पावणेदोन लाख क्युसेक्स." २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून ३५ हजार सोडले तर सिंहगड रस्त्याच्या घरांत पाणी गेलं होतं.

२९ ऑक्टोबर २०२४ ला या शहराच्या वरच्या डोंगराळ भागात, तूरिस नावाच्या गावी, २४ तासांत ७७० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. आपल्याला २६ जुलैचे सांताक्रूझचे ९४४ आठवतात, म्हणून हा आकडा कळतो. जुनं शहर त्या रात्री कोरडं राहिलं. नव्या पात्राने काम केलं. पण पात्राच्या पलीकडे, दक्षिणेला, पोयो नावाचा एक ओढा आहे, एरवी थेंबभर पाणी नसलेला. तो पायपोर्तात आणि आजूबाजूच्या गावांत घुसला. मोबाइलवर इशारा आला रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी, तोवर कित्येक घरांत पाणी शिरलेलं होतं. व्हॅलेन्सिया प्रांतात २२० हून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवसापासून शहरातली हजारो माणसं, बरीचशी कॉलेजातली पोरं, खांद्यावर फावडी आणि झाडू घेऊन याच पुलावरून चालत पलीकडे गेली. पुलाला आता लोक एकजुटीचा पूल म्हणतात.

"आंबिल ओढा," नवरा म्हणाला. एवढे दोनच शब्द. पुण्यात तोही असाच वस्तीत घुसला होता.

पलीकडच्या वस्तीत आम्ही थोडं चाललो. काही दुकानांची शटर्स वाकलेली, काही नवीकोरी. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ, सरळ, घर सोडून घर. नवरा तिच्याशेजारी उभा राहिला नाही, मोजमापही घेतलं नाही. एक बाई दारातली फरशी धूत होती. तिने बादली बाजूला करून आम्हाला वाट दिली. फोटो काढायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

परत येताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नारायण पेठेतल्या वाड्यालाही रेघ होती. आजी दाखवायची. आता वाडाच नाही." मी म्हटलं, "अहो, मला माहीत आहे." "तुला सगळं माहीत असतं," तो म्हणाला, पण चिडून नव्हे.

शेवटच्या संध्याकाळी सामान भरून झालं आणि आम्ही पुन्हा जुन्या पात्रात जाऊन बसलो, आमच्या बाकावर. शेंगावालं जोडपं आलेलं नव्हतं. संत्र्याच्या झाडांची बरीच फुलं एव्हाना गळाली होती, आणि वास आता जमिनीवरून येत होता. लेकीचा फोन आला. काय काय बघितलं, तिने विचारलं. "काही नाही," नवरा म्हणाला. "नदीत बसलोय."

तेवढ्यात मागून चिर्र चिर्र असा आवाज झाला. हिरवळीतून एकामागून एक नळ्या वर आल्या आणि गोल फिरत पाणी उडवू लागल्या. पोरं किंचाळत पळाली. शेजारचे आजोबा पेपर घडी घालून उठले. नवऱ्याने सवयीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आठ वाजून पाच मिनिटं.

"पाणी सुटलं," तो म्हणाला.

साडीच्या निऱ्या भिजायला लागल्या होत्या. मी पाय वर घेतले, आणि आम्ही तिथेच बसून राहिलो.